मूल घरी शिकवावे का, या विचारात असलेल्या पालकांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र दिनाच्या सुमारास शाळांचे निकाल हाती येतात आणि जूनच्या मध्यावर नवे वर्ष सुरू होते. मधल्या दीड महिन्यात दप्तर, गणवेश, व्हॅनचे पैसे आणि फीचा पहिला हप्ता यांच्या जोडीला काही घरांत आणखी एक चर्चा चाललेली असते : या मुलाला पुन्हा त्याच शाळेत पाठवायचे, दुसरी शाळा पाहायची, की घरीच शिकवायचे? ही चर्चा बहुधा मुले झोपल्यावर हलक्या आवाजात होते, कारण ती आजी-आजोबांच्या कानावर गेली की दुसऱ्या दिवशी मामा, आत्या आणि वरच्या मजल्यावरचे काका असे सगळेच समजूत घालायला येतात. हे पत्र त्या घरांसाठी आहे. आमची दोन्ही मुले घरीच शिकतात. थोरली आता मुक्त विद्यालयातून दहावीला बसली आहे. आपण ज्या प्रश्नांपाशी अडला आहात, त्यांतले बरेचसे आमच्याही घरी मुक्काम करून गेले आहेत.

आधीच स्पष्ट करते, की हे पत्र शाळांच्या विरोधात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत जीव ओतून शिकवणारे गुरुजी आणि बाई मी पाहिल्या आहेत, आणि ज्या मुलाचे शाळेत बरे चालले आहे त्याला तिथून काढण्याचे काहीच कारण नाही. मला बोलायचे आहे ते निराळ्या पालकांशी. ज्यांच्या मुलाच्या पोटात सोमवार ते शनिवार दुखते आणि रविवारी कधीच दुखत नाही. ज्यांचे मूल वर्गाच्या पुढे गेले आहे किंवा मागे राहिले आहे आणि दोन्ही वेळा त्याला गप्प बसायलाच सांगितले जाते. ज्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. किंवा ज्यांना आपल्या मुलासोबत शिकण्याची मनापासून हौस आहे, त्यांच्याशी. हे शेवटचे कारणही पुरेसे आहे. घरी शिकवायला शाळेबद्दल तक्रार असलीच पाहिजे, असे नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण हा निर्णय जन्माचा समजता, म्हणून तो होत नाही. प्रत्यक्षात तो एका वर्षाचा निर्णय आहे. वर्ष संपले की पुन्हा बसून पुढच्या वर्षाचा घ्यायचा, आणि जमत नसेल तर मुलाला शाळेत परत पाठवायचे. परतीची वाट आपल्या कायद्यात आणि परीक्षापद्धतीत आहे; ती नीट ठाऊक नसल्यामुळे भीती वाटते.

कायद्याचा प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. हे कलम वाचून पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे शासनावरील बंधन, असा खुलासा आहे, आणि कलम १० न पाळणाऱ्या पालकाला कोणताही दंड किंवा शिक्षा या कायद्यात सांगितलेली नाही. दंड आहे तो मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला : एक लाख रुपयांपर्यंत, आणि त्यानंतरही ती चालू ठेवली तर दररोज दहा हजारांपर्यंत. म्हणून चार घरांनी मिळून मुलांना एकत्र शिकवायचे ठरवले, तर त्याला शाळेचे रूप देऊ नये. फलक लावून, फी आकारून वर्ग भरवू लागलात की प्रकरण निराळे होते. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत दिला आहे. इतर मुलांबाबत कायदा तसे काही बोलत नाही. थोडक्यात, घरी शिकवण्याला आपल्याकडे रीतसर मान्यता नाही आणि तो गुन्हाही नाही. हा मोघमपणा मला आवडत नाही, आपल्यालाही आवडणार नाही, पण तो आहे हे धरूनच चालावे लागते. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात आले तर दार लोटून घेऊ नका. ते वीटभट्टीवरची आणि ऊसतोड कामगारांची मुले शोधत हिंडत असतात आणि त्यांचे ते काम फार मोलाचे आहे. त्यांना चहा द्या, मुलाच्या वह्या दाखवा, काय चालले आहे ते मोकळेपणाने सांगा.

आता परतीची वाट. याच कायद्याचे कलम ४ सांगते, की सहा वर्षांवरील जे मूल शाळेत दाखल झालेले नाही किंवा ज्याचे प्राथमिक शिक्षण पुरे झालेले नाही, त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही मिळाले पाहिजे. दोन वर्षे घरी शिकलेला दहा वर्षांचा मुलगा परत गेला, तर त्याला पुन्हा तिसरीत बसावे लागत नाही. मात्र हा हक्क शाळेचा आहे, हव्या त्याच शाळेचा नाही. नावाजलेल्या खासगी शाळेतील जागा सोडली तर ती पुन्हा मिळेलच असे नाही. आणि आपले मूल पंचवीस टक्के राखीव जागांवर मोफत प्रवेश मिळून शिकत असेल, तर तिप्पट विचार करा. तो प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतो. एकदा सोडला की मधल्या इयत्तेत परत मिळत नाही. अशा घरांना मी सहसा थांबण्याचाच सल्ला देते.

कागदपत्रांबद्दल एक सूचना, जी उत्साहाच्या भरात राहून जाते. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला हा नुसता शाळेचा कागद नसतो. जातीच्या दाखल्यापासून जात पडताळणीपर्यंत आणि अधिवासापर्यंत अनेक ठिकाणी तोच मागितला जातो. मूल काही वर्षे शाळेत गेले असेल तर तो दाखला घेताना नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात यांच्या नोंदी तिथल्या तिथे, लिपिकाच्या टेबलापाशीच तपासून घ्या. घरी आणून चूक सापडली तर दुरुस्तीचे हेलपाटे संपत नाहीत. मूल शाळेत कधीच गेले नसेल, तर जन्मदाखला आणि वडिलांकडचे जुने दाखले आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा, आणि आरक्षणास पात्र असाल तर मुलाचा जातीचा दाखला लहानपणीच काढून ठेवा.

“पण दहावीचे काय?” हा प्रश्न मूल पाच वर्षांचे असल्यापासून विचारला जातो. त्याचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. आपल्या राज्य मंडळाची परीक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. ही वाट नवी नाही. आपल्या आधीच्या पिढीतल्या किती तरी स्त्रियांनी लग्नानंतर आणि किती तरी कामगारांनी पाळ्या सांभाळून ती चोखाळली आहे. तिच्या अटी मंडळाच्या त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहाव्यात. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला सगळे ‘एनआयओएस’ म्हणतात. चौदा वर्षे पूर्ण झाली की तिच्या माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदवता येते. आठवीचे प्रमाणपत्र नसेल तर हा अभ्यास झेपेल एवढे शिक्षण झाल्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र चालते. पाच विषय लागतात. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिलच्या व ऑक्टोबरच्या सुमारास होते. पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. आमच्या मुलीने आधी चित्रकला आणि मराठी हे आवडीचे विषय दिले आणि गणिताला हवा तेवढा वेळ ठेवला. माध्यमिकसाठी मराठी माध्यमही निवडता येते. राज्यानेही महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ काढले असून तिथे पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही देता येतात. ज्यांना मध्येच कुठे तरी शिक्का हवासा वाटतो, विशेषतः आजोबांना दाखवायला, त्यांची त्यातून सोय होते.

पुढच्या प्रवेशांविषयीचा धाकही आता बराच कमी झाला आहे. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना ‘नीट’ देता येईल की नाही हा वाद बरीच वर्षे न्यायालयांत चालला होता. २०२४ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने मिटला. ‘जेईई’साठी मुक्त विद्यालयाची बारावी किमान पाच विषयांची असावी लागते, एवढे विषय घेतानाच ध्यानात ठेवावे. वर्तमानपत्रांत अधूनमधून घरी शिकून परदेशी विद्यापीठात किंवा आयआयटीत गेलेल्या एखाद्या मुलाची बातमी येते. ती वाचून हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तशी मुले कुठेही शिकली असती तरी पुढे गेली असती. घरी शिकणारी बहुतेक मुले साधी असतात, काही विषयांत बरी, काहींत कच्ची, आणि त्यात काही बिघडत नाही.

आता रोजच्या शिकवण्याकडे वळते. नव्या पालकांची समजूत असते, की सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत घरात वेळापत्रक लावून वर्ग भरवायचा. तसे कोणी फार दिवस करू शकत नाही. हिशेब करून पाहा : पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला चार तास, आणि तेही तीस मुलांमागे एक शिक्षक धरून. त्या चार तासांतून हजेरी, शांतता राखणे, वह्या गोळा करणे आणि इतर एकोणतीस जणांच्या शंका वजा केल्या, की एका मुलाच्या वाट्याला जे उरते ते घरी दीड-दोन तासांत निवांत होते. उरलेला दिवस मुलाचा.

एक उदाहरण सांगते. धाकट्याला दशांश अपूर्णांक वहीत अजिबात रुचत नव्हते. एका महिन्याला महावितरणचे बिल जास्त आले म्हणून घरात कुरकुर चालली होती, तेव्हा ते बिलच त्याच्या हातात दिले. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना दुसरा, आणि हे सगळे दर रुपये-पैशांत, म्हणजे दशांशात. त्याने टप्पे पाडून वीज आकार काढला, त्यात स्थिर आकार मिळवला, प्रत्येक युनिटामागचा वहन आकार धरला आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क लावले. उत्तर बिलाशी जुळेना. संध्याकाळपर्यंत तो आम्हाला कोणालाच त्या कागदाला हात लावू देईना. शेवटी इंधन समायोजन आकार नावाची एक ओळ आपण सोडली आहे हे त्याचे त्यालाच सापडले. मग तो रोज सकाळी मीटरचे आकडे वहीत उतरवू लागला, आणि त्यातून गीझरबद्दल घरात जो दंडक निघाला तो आम्ही अजून पाळतो. त्यानंतर पाठ्यपुस्तकातले दशांश अपूर्णांकांचे प्रकरण त्याने फारशी मदत न घेता संपवले.

मात्र यावरून सगळेच शिक्षण असे आपोआप होते, असा निष्कर्ष काढू नका. लाइट बिलातून बीजगणित येत नाही आणि मंडईत हिंडून शुद्धलेखन सुधारत नाही. त्यासाठी बसावे लागते, सराव करावा लागतो, आणि कंटाळा आला तरी थोडे रेटावेही लागते. बालभारतीची पुस्तके इंटरनेटवर मोफत उतरवून घेता येतात आणि, त्यांच्यावर कितीही टीका होवो, पायरीपायरीने जाण्यासाठी ती चांगलीच उपयोगी पडतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांपासून केलेल्या खेळण्यांची कृती सर्वांसाठी खुली आहे. आमच्याकडे विज्ञानाची निम्मी प्रयोगशाळा त्यातूनच उभी राहिली. शाळा मुलाकडे नेण्याची कल्पना आपल्या मातीला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती. त्यांच्यासमोरची गरज आपल्या गरजेहून फार वेगळी आणि फार मोठी होती, तेव्हा बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची, ही त्यांची दृष्टी घरी शिकवणाऱ्याने जरूर घ्यावी.

शाळेतून काढलेल्या मुलाचे पहिले काही महिने पालकांना सर्वांत जड जातात. मूल काहीच करत नाही. उशिरा उठते, लोळते, तीच ती चित्रे काढते, वही दिसली की तोंड फिरवते. पालकांच्या पोटात गोळा येतो आणि ते घाईने वेळापत्रक भिंतीवर लावतात, शिकवणी लावतात, ऑनलाइन वर्गाचे पैसे भरतात. कृपया थोडे थांबा. कुणी सांगितल्याशिवाय आपण काय करायचे, हे त्या मुलाने अनेक वर्षे ठरवलेलेच नसते. या काळात त्याला मोठ्याने वाचून दाखवा, बाजारात न्या, एसटीने गावी न्या, स्वयंपाकात हाताशी घ्या, आणि मोबाइल मात्र हाती देऊ नका. २०२० च्या मार्चनंतर शाळा बंद झाल्या तेव्हा घरोघरी जे चालले होते, ते पडद्यावर भरवलेला वर्ग होता. तो अनुभव आठवून “आम्ही करून पाहिले, जमत नाही” असे म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

एका गोष्टीविषयी मला वडिलांशी थेट बोलायचे आहे. घरी शिकवण्याचा निर्णय दोघांचा असतो आणि काम बहुतेक घरांत आईचे होते. तिची नोकरी सुटते, तिची दुपार जाते, आणि मुलाला पाढे आले नाहीत की नातेवाईक तिलाच बोल लावतात. शिक्षण मुलाचे होते आणि त्याची किंमत एकट्या बाईच्या उत्पन्नातून वळती केली जाते. हे असेच होणार असेल, तर घरी न शिकवलेलेच बरे. तुम्ही दिवसभर कामावर असाल, तर सकाळचा एक तास आणि रविवारची अर्धी सकाळ तुमची असली पाहिजे. एखादा विषय पूर्णपणे तुमच्याकडे असला पाहिजे. आणि आठवड्यातून काही वेळ आईला मुलांशिवाय मिळाला पाहिजे. आमच्याकडे गणित आणि स्वयंपाकघरातला शनिवार हे मुलांच्या बाबांचे आहेत. हे त्यांनी आपणहून केले नाही, भांडून ठरले. पत्नीने नोकरी सोडायची असेल तर घराच्या बचतीतला तिच्या नावचा वाटा काय, हेही त्याच बैठकीत बोला.

“चार मुलांत मिसळणार कसा?” हा प्रश्न आपल्याला इतक्या वेळा विचारला जाईल, की उत्तर पाठ होईल. वाड्यात, सोसायटीत, मैदानावर, तालमीत, गणेशोत्सवाच्या मंडळात मुले मिसळतात, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला त्यासाठी उलट जास्त वेळ असतो. मला या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. काही पालक मनातल्या मनात ‘तसल्या’ मुलांपासून आपले मूल लांब राहावे म्हणून घरी शिकवू पाहतात. तसले म्हणजे कोणते, ते उघडपणे बोलले जात नाही, पण त्यात वस्ती असते, भाषा असते आणि जात असते. साधी सरकारी शाळा एका बाकावर ज्या तऱ्हेची मुले आणून बसवते, ते घर कधीच करू शकत नाही. म्हणून घरी शिकवणाऱ्यावर जास्तीची जबाबदारी येते. फक्त होमस्कूलवाल्या घरांच्या सहली काढून आणि उच्चभ्रू कार्यशाळांना पाठवून ती पार पडत नाही. मूल ज्या मैदानावर खेळते ते सर्वांना खुले आहे का, ज्या वाचनालयात जाते तिथे कोण येते, ते पाहावे लागते. मनात तुटकपणाच असेल, तर मी आपल्याला प्रोत्साहन देणार नाही.

मुलींबाबतही तसेच. “आम्ही हिला घरीच शिकवतो” असे सांगून प्रत्यक्षात तिच्यावर धाकट्या भावंडांची आणि भांड्यांची जबाबदारी टाकली जाते, आणि सोळाव्या वर्षी स्थळे पाहायला सुरुवात होते, अशी घरे आपल्या आसपास आहेत. ते शिक्षण नव्हे. अशा मुलीला शाळेची गरज इतर कोणाहूनही जास्त आहे. मुलाला शाळा आवडत असेल, तो मित्रांसाठी का होईना रोज उड्या मारत जात असेल, तर केवळ आपल्या तत्त्वासाठी त्याला काढू नका. आणि नवरा-बायकोत मुळातच धुसफूस असेल, तर दिवसभर सगळ्यांनी एका घरात राहण्याने ती वाढते, हे कोणी तरी सांगायला हवे म्हणून सांगते.

यातले काहीच आपल्याला लागू नसेल आणि तरीही आपण केवळ “आम्ही कुठे शिक्षक आहोत?” म्हणून थांबला असाल, तर मात्र थांबू नका. तिसरी-चौथीपर्यंतचे शिकवायला डी.एड. लागत नाही; शेजारी बसून वाचणे लागते, आणि “मला हे येत नाही, चल शोधू” असे म्हणण्याची लाज वाटता कामा नये. पुढचे विषय कठीण होतात तोवर मूल स्वतः वाचू लागलेले असते, आणि जिथे आपण कमी पडतो तिथे एखादे निवृत्त गुरुजी किंवा शेजारची कॉलेजची मुलगी आठवड्यातून दोन दिवस आनंदाने शिकवते. आमच्या मुलीचे संस्कृत असेच झाले.

जून जवळ आला आहे. पुढच्या आठवड्यात मुलाशी बोला, त्याचे म्हणणे ऐका आणि त्यावर लगेच काही ठरवू नका. ठरलेच, तर शाळेत पालक म्हणून स्वतः जा, मुख्याध्यापकांना भेटून कारण सांगा, दाखल्यासाठी लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. वाद घालू नका. वर्गशिक्षकांचे आभार मानून या. गावातले मैदान शाळेचेच असते, वाचनालयही पुष्कळदा तिथलेच असते, आणि पुढच्या वर्षी कदाचित त्याच टेबलापाशी प्रवेशाचा अर्ज घेऊन जायचे असते. घरी आल्यावर एक जाड वही घ्या, तिच्यात रोज रात्री दोन ओळी लिहा : आज काय वाचले, काय मोजले, कोणाकडे गेलो. मार्चमध्ये पुन्हा निर्णयाला बसाल तेव्हा ती वही दोघांच्या मध्ये ठेवा.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक पालक